मेनफ्रेमवर डब्ल्यूएलएम नव्याने बसवायचा आहे, वारशात सत्तर सर्व्हिस क्लास मिळालेत

रात्रपाळी_हिंजवडी

नमस्कार मंडळी. ऑपरेशन्समधून सिस्टिम प्रोग्रॅमिंगच्या टीममध्ये आलोय आणि आल्याआल्या झेड/ओएस या मेनफ्रेमच्या ऑपरेटिंग सिस्टिमचा वर्कलोड मॅनेजर (कुठल्या कामाला मशीन किती मिळणार ते ठरवणारा), म्हणजे आपला डब्ल्यूएलएम, गळ्यात पडलाय. क्लायंट अमेरिकेतली विमा कंपनी, मशीन तिकडे, आम्ही इकडे. दोन एलपारचा (मशीनचे स्वतंत्र सिस्टिम चालवणारे भाग) सिसप्लेक्स, म्हणजे एकत्र चालणारा संच, नव्या मशीनवर जातोय. जाताना कपल डेटासेट (सिसप्लेक्समधल्या सिस्टिमच्या सामायिक फाइली) नवे करायचे आणि जमलं तर सर्व्हिस डेफिनिशन, म्हणजे डब्ल्यूएलएमची नियमावली, तीही साफ करायची, असा बेत आहे.

डेफिनिशनमध्ये ७० सर्व्हिस क्लास (सारखंच उद्दिष्ट, म्हणजे गोल, असलेल्या कामांचे गट) आहेत, निम्म्याहून जास्त इम्पॉर्टन्स १, म्हणजे सर्वांत महत्त्वाचे. कुणी मॅनेजर ओरडला की एक क्लास वाढवायचा, अशीच पद्धत असावी. एकाचं नाव चक्क 'अर्जंट२' आहे. अर्जंट१ कुठे गेला हे कुणालाच माहीत नाही.

सध्याचं खरं दुखणं वेगळंच आहे. तिकडची रात्रीची बॅच सुरू झाली (आपली सकाळ) की मोबाइल अ‍ॅपवरून येणाऱ्या चौकश्या रेंगाळतात. या चौकश्या डीडीएफमधून (डीबी२ चा बाहेरच्या विनंत्या घेणारा भाग) डीबी२ या डेटाबेसमध्ये येतात. डीबी२ च्या सगळ्या अ‍ॅड्रेस स्पेस (स्वतंत्र चालणाऱ्या प्रोसेस) इम्पॉर्टन्स १, वेलॉसिटी (काम न ताटकळता चालल्याची टक्केवारी) ७० वर आहेत. शिफ्टवाले डीडीएफच्या डिस्ट अ‍ॅड्रेस स्पेसला रीसेट कमांड मारून वरच्या क्लासमध्ये टाकतात, पण ढिम्म फरक पडत नाही.

कुठून सुरुवात करू? मॅन्युअल वाचतोय, पण मॅन्युअलमध्ये 'काय करू नये' लिहिलेलं नसतं.

जुना_सिसप्रोग

डीबी२ चं दुखणं सीमाताई बघतील, त्यांचाच प्रांत आहे. मी बसवण्यापुरतं बोलतो.

हात लावण्याआधी आहे ती डेफिनिशन कपल डेटासेटमधून एक्स्ट्रॅक्ट करून वेगळ्या डेटासेटमध्ये सेव्ह करा, नावात तारीख घाला. हे करायला आयएसपीएफचं (मेनफ्रेमच्या मेन्यू स्क्रीनचं) डब्ल्यूएलएम पॅनल पुरतं. मागे फिरायची वेळ आली तर हीच प्रत कामाला येते.

नवा कपल डेटासेट त्याच पॅनलच्या युटिलिटीजमधून करता येतो, किंवा आयएक्ससीएल१डीएसयू ही युटिलिटी चालवून बॅचमधून. मी बॅचच घेईन, कारण ते जेसीएल (जॉब चालवायच्या सूचना) चेंज रेकॉर्डला जोडता येतं आणि कुणी विचारलं तर दाखवता येतं. त्यात पॉलिसी (गोलांचा संच), वर्कलोड, सर्व्हिस क्लास, अ‍ॅप्लिकेशन एन्व्हायर्न्मेंट, शेड्युलिंग एन्व्हायर्न्मेंट यांचे आकडे द्यावे लागतात. तिथे कंजूषपणा नको. चालू डेटासेटपेक्षा लहान झाला तर सिस्टिम तो घेणारच नाही. प्रायमरी आणि ऑल्टरनेट वेगळ्या व्हॉल्यूमवर ठेवा, जमलं तर वेगळ्या कंट्रोलरखाली.

चालू सिसप्लेक्समध्ये बदली करताना सेटएक्ससीएफ कपल कमांडला टाइप डब्ल्यूएलएम देऊन पहिला नवा डेटासेट ऑल्टरनेट म्हणून जोडा. मग पी-स्विच मारा, म्हणजे तोच प्रायमरी होतो. मग दुसरा नवा ऑल्टरनेट म्हणून जोडा. आयपीएल (सिस्टिम रीस्टार्ट) लागत नाही. पार्मलिबमधला (सिस्टिमच्या सेटिंगची लायब्ररी) कपल मेंबर त्याच दिवशी बदला. 'नंतर करू' म्हटलं की पुढे कधीतरी सगळा सिसप्लेक्स एकदम वर आणताना जुन्या नावांचा घोळ समोर येतो, आणि तोवर बदल करणारा माणूस दुसऱ्या प्रोजेक्टवर गेलेला असतो.

इन्स्टॉल आणि अ‍ॅक्टिव्हेट यांत गल्लत करू नका. इन्स्टॉल म्हणजे डेफिनिशन कपल डेटासेटवर लिहिणं, त्याने चालू कामात काडीचा फरक पडत नाही. फरक पडतो पॉलिसी अ‍ॅक्टिव्हेट केल्यावर: पॅनलमधून, किंवा कन्सोलवर व्हॅरी डब्ल्यूएलएम, पॉलिसी बरोबर अमुक. आयडब्ल्यूएम००१आय मेसेज आला की पॉलिसी लागू झाली. मग डिस्प्ले डब्ल्यूएलएम,सिस्टिम्स देऊन दोन्ही एलपार एकाच पॉलिसीवर अ‍ॅक्टिव्ह आहेत हे डोळ्यांनी बघा.

परवानगीसाठी रॅकफ या सुरक्षा सॉफ्टवेअरच्या फॅसिलिटी क्लासमध्ये एमव्हीएसअ‍ॅडमिन.डब्ल्यूएलएम.पॉलिसी हे प्रोफाइल आहे. रीड असेल तर डेफिनिशन बघता येते, अपडेट असेल तर इन्स्टॉल आणि अ‍ॅक्टिव्हेट करता येते. अपडेट किती जणांकडे आहे ते आधी तपासा. सत्तर क्लास कसे झाले याचं उत्तर बहुतेक तिथेच सापडेल.

सीमा_डीबी२

रीसेटने फरक पडणारच नव्हता, दादा. डिस्ट अ‍ॅड्रेस स्पेस कितीही वर नेली तरी बाहेरून आलेली एसक्यूएल तिच्या प्राधान्यावर चालत नाही. डीडीएफमधून आलेल्या प्रत्येक कामासाठी डीबी२ एन्क्लेव्ह (डब्ल्यूएलएमने वेगळं सांभाळायचं कामाचं एकक) तयार करतो आणि त्या एन्क्लेव्हचं वर्गीकरण स्वतंत्र होतं. एसटीसीच्या (सुरू करून ठेवलेल्या टास्कच्या) रूलने नाही, डीडीएफ या सबसिस्टिम टाइपच्या रूलने. डिस्टचा क्लास फक्त डिस्टच्या स्वतःच्या कामांना लागू.

आता एसडीएसएफमध्ये (चालू कामं दाखवणाऱ्या टूलमध्ये) ईएनसी, म्हणजे एन्क्लेव्हचं, पॅनल उघडा, बॅच चालू असताना. सर्व्हिस क्लासचा कॉलम बघा आणि इथे सांगा. मला उत्तर माहीत आहे असं वाटतंय, पण तुमच्याकडून ऐकते.

कन्सोलवाला

रीसेटला एवढं हिणवू नका हो. पहाटे तीनला फोन वाजतो तेव्हा पॉलिसी बदलायला कोण बसलंय? ई कमांड (रीसेटचं छोटं रूप) मारली, सर्व्हिस क्लास दिला, जॉब पुढे सरकला, मॅनेजर झोपला. चेंज बोर्डाची मीटिंग गुरुवारी असते.

रात्रपाळी_हिंजवडी

सीमाताई, पाहिलं. पॅनलभर एकच नाव: सिसअदर. वरून खालपर्यंत.

मग डीडीएफचे रूल उघडले. रूल आहेत! पण त्यात सबसिस्टिमचं जे नाव आहे तो डीबी२ कधीच बंद झालाय. नव्या सबसिस्टिमचं नाव कुणी घातलंच नाही, आणि डिफॉल्ट सर्व्हिस क्लासचा रकाना रिकामा.

सीमा_डीबी२

तेच. डीडीएफच्या ज्या कामाला रूल सापडत नाही आणि डिफॉल्टही नसतो, ते सिसअदरमध्ये पडतं, आणि सिसअदर म्हणजे डिस्क्रिशनरी. सगळ्यांचं पोट भरून उरलं तर मिळेल. दिवसा मशीन मोकळं असतं म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. बॅच सुरू झाली की उरत काही नाही. तक्रार 'डीबी२ स्लो आहे' अशी येते आणि आम्ही बिचारे इंडेक्स तपासत बसतो.

करायचं काय ते सांगते. डीडीएफला आधी डिफॉल्ट क्लास द्या, अगदी मवाळ गोल असलेला, पण द्या. मग मोबाइल अ‍ॅपसाठी वेगळा रूल. सबसिस्टिमच्या नावावर विसंबू नका, पुढच्या स्थलांतराला पुन्हा हेच होईल. अ‍ॅप ज्या युजर आयडीने येतं किंवा जो कोरिलेशन आयडी पाठवतं त्यावर रूल लावा. जावावाल्यांशी बोलून क्लायंटची माहिती नीट भरायला सांगा, नाहीतर सगळी कामं एकाच आयडीने येतात आणि वेगळी काढताच येत नाहीत.

गोल देण्याआधी डीबी२ चा सीएमटीस्टॅट पॅरामीटर बघा. इनअ‍ॅक्टिव्ह असेल तर साधारणपणे कमिट (व्यवहार पक्का) झालं की एन्क्लेव्ह संपतो. तेव्हा एक ट्रान्झॅक्शन, एक एन्क्लेव्ह असा हिशोब जुळतो आणि 'अर्ध्या सेकंदात ९० टक्के' असा रिस्पॉन्स टाइम गोल देता येतो, दोन-तीन पिरियडही (क्लासचे टप्पे, प्रत्येकाला वेगळा गोल) करता येतात. अ‍ॅक्टिव्ह असेल तर थ्रेड जिवंत आहे तोवर एन्क्लेव्ह जिवंत. तो तासन्‌तास चालतो, त्याला रिस्पॉन्स टाइम गोल देण्यात अर्थ नाही. इनअ‍ॅक्टिव्ह असूनही कीपडायनॅमिक (तयार एसक्यूएल कमिटनंतरही जपून ठेवणं) किंवा उघडे राहिलेले होल्ड कर्सर एन्क्लेव्ह लांबवतात, हेही बघून घ्या.

आयआरएलएम (डीबी२ चे लॉक सांभाळणारा) सिसएसटीसीमध्ये (सिस्टिमच्या वरच्या प्राधान्याच्या क्लासमध्ये) आहे ना? लॉक सोडणाराच रांगेत उभा राहिला तर बाकी सगळं व्यर्थ.

रात्रपाळी_हिंजवडी

सीएमटीस्टॅट इनअ‍ॅक्टिव्ह आहे. आयआरएलएम मात्र इम्पॉर्टन्स २ च्या कुठल्याशा क्लासमध्ये सापडला. 😐

सीमा_डीबी२

आजच हलवा.

टोरांटोकर

+१ सीमाताईंना. त्यात एक भर: प्रत्येक महत्त्वाच्या गटाला रिपोर्ट क्लासही द्या. बरेच जण आकडे वेगळे दिसावेत म्हणून सर्व्हिस क्लास वाढवतात. आकडे वेगळे काढणं हे रिपोर्ट क्लासचं काम आहे. आरएमएफ या मोजमापाच्या टूलच्या डब्ल्यूएलएमजीएल रिपोर्टमध्ये आणि एसएमएफ ७२ या नोंदींमध्ये ते स्वतंत्र दिसतात आणि डब्ल्यूएलएमच्या निर्णयात त्यांची काही लुडबुड नसते. तुमच्या सत्तरातले निदान तीस-चाळीस क्लास रिपोर्ट क्लासवर भागतील, पैजेवर सांगतो.

जुना_सिसप्रोग

आता त्या सत्तरांबद्दल. थोडं मागून सांगतो.

डब्ल्यूएलएम आला १९९४ मध्ये, एमव्हीएस/ईएसए ५.१ बरोबर. त्याआधी आम्ही आयईएआयपीएस आणि आयईएआयसीएस या पार्मलिब मेंबरांमध्ये डिस्पॅचिंग प्रायॉरिटीचे आकडे हाताने भरायचो. अमुकला २४०, तमुकला २३५, आणि त्या पाचाच्या फरकावरून दोन विभागांची भांडणं. पुढेही बरीच वर्षं कम्पॅटिबिलिटी मोड, म्हणजे जुनीच पद्धत, होता, लोक त्यालाच चिकटून बसले. झेड/ओएस १.३ ला, २००२ मध्ये, तो काढून टाकला तेव्हा सगळ्यांना गोल मोडमध्ये जावंच लागलं. घाईघाईत अनेकांनी जुन्या प्रायॉरिटीच्या प्रत्येक आकड्याला एक सर्व्हिस क्लास असं सरळ भाषांतर केलं. तुमची डेफिनिशन त्याच घराण्यातली दिसते.

यात बिघडतं काय? डब्ल्यूएलएम दर १० सेकंदांनी हिशोब मांडतो. प्रत्येक पिरियडचा परफॉर्मन्स इंडेक्स काढतो. वेलॉसिटीचा गोल असेल तर गोल भागिले प्रत्यक्ष, रिस्पॉन्स टाइमचा असेल तर प्रत्यक्ष भागिले गोल. गोल ६० आणि मिळाली ४०, तर इंडेक्स १.५. एकाच्या वर म्हणजे गोल चुकतोय. मग सर्वांत महत्त्वाच्या इम्पॉर्टन्सपासून खाली येत, ज्याचे हाल सर्वांत जास्त त्याला मदत करायची म्हणून आपला वाटा देणारा क्लास शोधतो. एका फेरीत एकाच पिरियडला मदत. ४० क्लास इम्पॉर्टन्स १ वर असतील आणि त्यातले १५ चुकत असतील तर शेवटच्याची पाळी येईपर्यंत परिस्थितीच बदललेली असते. शिवाय इम्पॉर्टन्स १ वाल्यांना द्यायला खाली फारसं कुणी उरत नाही. सगळ्या वऱ्हाडाला व्हीआयपी पास वाटले की दारावर गर्दी तेवढीच राहते.

दुसरी अडचण नमुन्यांची. वेलॉसिटीसाठी सेकंदाला चार नमुने घेतले जातात: काम प्रोसेसर वापरत होतं की त्यासाठी ताटकळत होतं. क्लासमध्ये दिवसाला दोन जॉब येत असतील तर नमुने कसले मिळणार? रिस्पॉन्स टाइम गोलचंही तेच, २० मिनिटांत निदान १० ट्रान्झॅक्शन पुरी व्हायला हवीत, नाहीतर तो गोल नुसता कागदावर.

म्हणून डिस्क्रिशनरी आणि सिस्टिमचे क्लास सोडून एका वेळी काम चालू असलेले पिरियड २५ ते ३० च्या आत ठेवा. इम्पॉर्टन्स १ वर सीआयसीएस (ऑनलाइन व्यवहार चालवणारा), डीबी२ आणि तुमचा हा मोबाइल गट. बास.

रात्रपाळी_हिंजवडी

काका, हे पटलं. पण 'अर्जंट२' वाल्या विभागाला कोण सांगणार?

जुना_सिसप्रोग

सांगू नका. क्लास एकत्र करा, रिपोर्ट क्लास त्यांच्या नावाने ठेवा. त्यांना महिन्याला त्यांच्या नावाचा आलेख दिसला की ते खूश असतात.

टोरांटोकर

नव्या मशीनवर जाताय ना, मग वेलॉसिटीचे जुने आकडे तसेच नेऊ नका. वेलॉसिटी म्हणजे काम प्रोसेसरवर होतं ते नमुने, भागिले तेच अधिक ताटकळलेले, गुणिले १००. एलपारला इंजिन किती आहेत यावर ती फार अवलंबून असते. जुन्यावर सहा हळू इंजिनं होती आणि नव्यावर तीन वेगवान मिळाली, तर एकूण ताकद तीच असली तरी वाट बघणाऱ्यांचे नमुने वाढतात. काल ७० मिळत होती तिथे आज ५० मिळते, कामं पूर्वीपेक्षा लवकर संपत असली तरी. मग डब्ल्यूएलएम उगाच त्या क्लासच्या मागे धावतो आणि ज्याला खरी गरज आहे तो मागे राहतो. आधी काही दिवस आरएमएफ बघा, प्रत्यक्ष मिळणारी वेलॉसिटी लिहून काढा, मग गोल बेतून द्या.

आय/ओ प्रायॉरिटी मॅनेजमेंटचा होय/नाही पर्याय याच वेळी बदलू नका. तो चालू केला की डिस्कचे नमुनेही त्या हिशोबात मिसळतात आणि सगळेच आकडे हलतात. मशीन आणि मोजमाप एकाच शनिवारी बदलल्यावर सोमवारी कोणत्या आकड्याची तुलना कशाशी करणार? आमच्या एका ग्राहकाकडे सल्लागार मंडळींनी नेमकं हेच केलं होतं. पुढचे दोन महिने मीटिंगांमध्ये आलेखांवरून वाद.

बॅचवाली

सगळे ऑनलाइनचंच बोलताय. बॅचवाल्यांच्या वतीने दोन शब्द.

आमच्याकडे रोजची बॅच शेड्युलर सोडतो. नवीन लोक शेड्युलर आणि डब्ल्यूएलएम यांत गोंधळतात म्हणून सांगते. जॉब कधी आणि कशानंतर सोडायचा ते शेड्युलर ठरवतो, सोडलेल्या जॉबला मशीन किती मिळणार ते डब्ल्यूएलएम. मध्ये जॉबची रांग सांभाळणाऱ्या जेईएस२ चे इनिशिएटर, रांगेतला जॉब सुरू करणारे. तेही डब्ल्यूएलएमच्या ताब्यात देता येतात, जॉबक्लासला मोड बरोबर डब्ल्यूएलएम दिलं की झालं. मग मोकळ्या एलपारवर डब्ल्यूएलएमच इनिशिएटर सुरू करतो आणि रांगेत थांबल्याचा वेळही त्या क्लासच्या वेलॉसिटीत धरला जातो. त्यामुळे एकाच सर्व्हिस क्लासमध्ये काही जॉब जेईएसच्या इनिशिएटरवर आणि काही डब्ल्यूएलएमच्या इनिशिएटरवर असं कडबोळं करू नका, आकड्याला अर्थ राहत नाही.

आणि सगळंच डब्ल्यूएलएमला देऊ नका. मिनिटभरात संपणारे शंभर जॉब एकदम रांगेत आले तर इनिशिएटर वाढवायचा निर्णय होईपर्यंत वेळ जातो. तसल्या जॉबना जेईएसचे ठरलेले इनिशिएटर बरे.

जुना_सिसप्रोग

झेड/ओएस ३.१ मध्ये (२०२३) या इनिशिएटरच्या व्यवस्थापनाला एआयची जोड दिली आहे. मागच्या कामाच्या नमुन्यावरून गर्दी येण्याआधीच इनिशिएटर तयार ठेवायचे, अशी कल्पना.

बॅचवाली

माहीत आहे. आमचा क्लायंट ३.१ ला येईपर्यंत मी निवृत्त होईन. (ह.घ्या.)

रात्रपाळी_हिंजवडी

मोबाइलचा रूल आणि आयआरएलएमचा बदल आणीबाणीच्या चेंजमध्ये बसवला. आज बॅचच्या वेळी ईएनसी पॅनलवर सिसअदर दिसलं नाही. मोबाइल क्लासच्या पहिल्या पिरियडचा परफॉर्मन्स इंडेक्स आधी ०.५ दाखवत होता, तासभर तिथेच अडकून. मला वाटलं आरएमएफ बिघडला.

आणि दुसरं: महिनाअखेरीला सगळंच मंद होतं, तेव्हा इम्पॉर्टन्स १ चेही इंडेक्स वर जातात. ते कशाने?

टोरांटोकर

बिघडलं नाही. टक्केवारीवाल्या गोलमध्ये रिस्पॉन्स टाइम १४ कप्प्यांत मोजला जातो, गोलच्या निम्म्यापासून चौपटीपर्यंत. त्यामुळे इंडेक्स ०.५ च्या खाली आणि ४ च्या वर जातच नाही. सतत ०.५ म्हणजे तुम्ही गोल फार सोपा दिलाय. जरा आवळा.

महिनाअखेरीचं दुखणं डब्ल्यूएलएमच्या पॉलिसीत शोधू नका, एलपारच्या डिफाइन्ड कपॅसिटीत शोधा. सॉफ्टवेअरचं बिल चार तासांच्या चलत सरासरीवर जातं (टेलर्ड फिट प्रायसिंग या वेगळ्या बिलपद्धतीवर नसाल तर), म्हणून कुणीतरी एमएसयूची (प्रोसेसर वापराचं एकक) मर्यादा लावलेली असते. सरासरी त्या मर्यादेच्या वर गेली की एलपारला टोपी (कॅप) बसते, आणि ती बसवतो डब्ल्यूएलएमच. सकाळच्या बॅचने सरासरी फुगवली की त्याची शिक्षा दुपारच्या ऑनलाइनला. आरएमएफच्या सीपीयू रिपोर्टमध्ये डब्ल्यूएलएम कॅपिंगची टक्केवारी येते, शून्यापेक्षा जास्त दिसली तर उत्तर मिळालं.

रात्रपाळी_हिंजवडी

दिसली. चांगलीच दिसली. मर्यादा किती ठेवायची ते फायनान्सवाले ठरवतात म्हणे.

जुना_सिसप्रोग

मग त्या टोपीखाली कुणी आधी आखडायचं ते तुम्ही ठरवा. ज्या बॅचला सकाळपर्यंत वेळ आहे तिला डिस्क्रिशनरी करा, किंवा रिसोर्स ग्रुपची कमाल मर्यादा लावा. टोपी बसली की आधी तीच मागे पडेल.

कन्सोलवाले, तुमचं राहिलंच. रीसेटवर माझा राग नाही, क्वीएसवर (जॉब जागीच थांबवण्यावर) आहे. जॉब क्वीएस केला आणि त्याच्या हातात एन्क्यू (एखाद्या रिसोर्सवरचा ताबा) असेल, तर तो एन्क्यू मागणारे सगळे त्याच्यामागे उभे. सिस्टिम अशा वेळी थोडी उचल देते, पण तिच्या भरवशावर राहू नये. क्वीएस करण्याआधी डिस्प्ले जीआरएस,कंटेन्शन मारा. रेझ्यूम करायचंही कुणाच्या तरी वहीत लिहिलेलं असू द्या.

कन्सोलवाला

मान्य. आणि डिस्टला रीसेट मारणं बंद, आमच्या शिफ्टच्या सूचनांमध्ये आजच लिहितो.

बॅचवाली

साफसफाई करताय म्हणून शेवटचं. शेड्युलिंग एन्व्हायर्न्मेंट (जॉबला लागणाऱ्या रिसोर्सची यादी) 'वापरात दिसत नाहीत' म्हणून उडवू नका. जेसीएलच्या जॉब कार्डवर स्केनव्ह या पॅरामीटरमध्ये त्यांचं नाव लिहिलेलं असतं. एन्व्हायर्न्मेंट आहे पण त्याचा रिसोर्स ऑफ आहे, तर जॉब शांतपणे रांगेत थांबतो. एन्व्हायर्न्मेंटच नसेल तर थेट जेसीएल एरर. वार्षिक जॉब असेल तर ते मार्चअखेरीला कळेल.

रात्रपाळी_हिंजवडी

शेड्युलरच्या जेसीएल लायब्ररींमध्ये शोध मारला. उडवायच्या यादीतली तीन एन्व्हायर्न्मेंट सापडली, त्यातलं एक वर्षातून एकदाच चालणाऱ्या जॉबमध्ये. यादीतून काढली. सर्व्हिस क्लास २६ वर आलेत, शनिवारी इन्स्टॉल करतोय, अ‍ॅक्टिव्हेट रविवारी त्यांच्या सकाळी.